मास्तरांचा थंडा पास्ता

समुद्रपूरच्या मे महिन्यात मी एक कावळा पायी जाताना पाहिला आहे. उडायला पंख उघडले तर भाजतील म्हणून तो बिचारा एस.टी. स्टँडपासून विहारापर्यंत भिंतीच्या सावली-सावलीनं चालत गेला, आणि रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा माझ्या सावलीत येऊन थांबला. मी चाललो तसा तो चालला. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी इथंच उतरून घ्यावं. पुढं याहून अवघड वळणं आहेत.

मी सांगणार आहे ते माझ्या घरमालकांबद्दल. उभं आयुष्य त्यांनी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलं. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि त्यांची बायकोही मास्तरच म्हणायची. मी आष्टीहून बदली होऊन तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून आलो, त्या दिवशी बॅग घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मिशा अशा की दोन्ही टोकांवर एकेक चिमणी बसली असती तरी तोल गेला नसता.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

"आष्टीवरून."

"कुठवर?"

मी गोंधळलो. "म्हणजे, पुढची बदली होईपर्यंत."

"मंग आत सरका. दारात उभे राहू नका, मांगच्याले चढू द्या."

मागं कोणी नव्हतं. तरी मी सरकलो. त्या आवाजानं तीस वर्षं माणसं सरकवली होती. मी तर एकटा होतो आणि माझ्याकडे एकच बॅग होती. त्या दिवसापासून माझं नाव पॅसेंजर पडलं. कचेरीत मला साहेब म्हणणारे दोन शिपाई होते, पण घरी आलो की, "पॅसेंजर आले, चहा सोडा."

चहा सोडायचा म्हणजे घंटी वाजवायची. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या दोस्तांनी त्यांना भंगारात निघालेल्या गाडीची घंटी भेट दिली होती. दुसरा कोणी असता तर ती काचेच्या कपाटात ठेवून मोकळा झाला असता. मास्तरांनी ती स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगली आणि तिची दोरी छताला कड्या मारून, मधल्या खोलीतून, थेट ओट्यावरच्या आपल्या खुर्चीपर्यंत आणली. दोन टोले म्हणजे चलू द्या. एक टोला म्हणजे थांबा. चहा पाहिजे, दोन. भाजी पुरे, एक. त्यांचा साळा एकदा तीन तास आपल्या गुडघ्याबद्दल बोलत होता, तेव्हा मास्तरांनी एक टोला दिला आणि तो शब्दाच्या मध्येच थांबला. त्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग अजून त्याच्या पोटात आहे.

मी एकदा त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना म्हटलं, "काकू, तुम्हाला राग नाही येत? माणूस बोलायचं सोडून घंटी वाजवतो."

काकू पोळी लाटत होत्या. "मी आपली ड्रायव्हर आहो," त्या म्हणाल्या. "समोर पाह्याचं अन् घंटी वाजली का निघाचं. मांगं वळून पाह्यलं तं अपघात होते."

त्या दोरीला काकूंनी कधी हात लावला नव्हता. ड्रायव्हरनं घंटी वाजवायची नसते, हे त्यांनाही पाठ होतं.

नियम म्हणजे मास्तरांचा जीव. त्यातला सगळ्यात लाडका नियम होता, ओला माल टपावर. भिजलेली पालेभाजी असो, मासळीची टोपली असो, की दह्याचं गाडगं असो, ज्याच्यातून थेंब गळतो ते गाडीच्या आत येणार नाही. सांगतात की एकदा आमदाराच्या घरच्या लग्नाचं श्रीखंड त्यांनी टपावर चढवलं होतं आणि नवरदेवाच्या काकाची त्याच्यासोबत चढायची विनंती फेटाळली होती. निवृत्तीनंतर गाडी राहिली नाही, नियम मात्र राहिला. पावसात भिजून आलो तर मला ओट्यावरच उभं करायचे. "निथरा आधी," म्हणायचे. "ओला माल."

आता मुद्द्यावर येतो. माझी बायको म्हणते मी वाढवून सांगतो. तिला बिचारीला मी काय काय गाळतो ते माहीत नाही.

आमच्या घरासमोरच विहार. वैशाखातल्या पौर्णिमेला तिथं सगळी वस्ती जमते, पांढरे कपडे घालून. सकाळी वंदना होते, खीर वाटतात, मग भाषणं, आणि दुपारी दीडशे माणसांचं जेवण. खीर सकाळीच शिजते, तिची अडचण नाही. पण पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात हे सगळं विहाराच्या मागं, टिनाच्या शेडखाली, मोठ्या चुलींवर, भर दुपारी. शेडच्या वर मे महिना आणि खाली आग. मध्ये बाया. आणि त्या बायांच्या मध्ये, सगळ्यात मोठ्या कढईसमोर, वर्षानुवर्षं काकू.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी काकू त्या कढईसमोर पडल्या. झारा हातात होता, तो हातातच राहिला. सरकारी दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून ठेवलं. मी डबा घेऊन गेलो तेव्हा मास्तर पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. मिशा खाली आल्या होत्या. मला वाटलं आता हे काही बोलतील, बायकोचा हात वगैरे धरतील. त्यांनी फक्त सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या पौर्णिमेले चूल बंद."

काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "मंग लोकायले का हवा खाऊ घालता?"

"पाहू."

याबद्दल मी काही वाढवत नाही. तेवढंच झालं.

दिवाळीनंतर त्यांची लेक पुण्याहून आली. तिनं प्रवासात खायला एक डबा आणला होता, त्यातला अर्धा उरला होता. मास्तर तिला उतरवून घ्यायला महामार्गावर, जाम गावच्या चौकात गेले होते. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी डब्यात हात घातला. स्प्रिंगसारखा पीळ असलेला पास्ता, पांढऱ्या मलईत कालवलेला, त्यात काकडी, मक्याचे दाणे, शिमला मिरची. आणि सगळं थंड.

"हे गरम कराचं राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, हे असंच खातात. थंड."

"चूल?"

"सकाळी एकदा पास्ता उकळायचा, बस."

लेक सांगते की बाबा तिथं चौकात, दोन्ही बाजूंनी ट्रक जात असताना, डबा छातीशी धरून इतका वेळ उभे राहिले की एका ट्रकवाल्यानं त्यांना रस्त्याच्या कडेचा पुतळा समजून हात जोडले.

मग सुरू झाले प्रयोग. दर रविवारी. खाणारा मी. मास्तरांनी आयुष्यात स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लासही भरला नव्हता, पण ठरवलं ते ठरवलं. पहिल्या रविवारी त्यांनी पास्ता शेवयांसारखा शिजवला. त्याचा असा गोळा झाला की मी बशीत चमचा उभा केला, तो पुढच्या रविवारपर्यंत उभा होता. दुसऱ्या रविवारी पास्ता बरोबर उतरला, पण गरम असतानाच त्यात चक्का घातला. चक्का फाटला आणि आम्ही पास्त्याची कढी प्यालो. तिसऱ्या रविवारी काकडीनं पाणी सोडलं. चौथ्या रविवारी सवयीनं वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. थंड झाल्यावर तेल गोठून वर आलं, आणि मी ते खाल्लं, कारण मास्तर समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं हाये, पॅसेंजर?"

"बरं आहे."

"खरं सांगा. मी कंडक्टर आहो. खोटं बोलनारा मले गर्दीतबी दिसते."

"तेलकट आहे मास्तर. आणि कोरडं. दोन्ही एकदम."

दुसरा असता तर त्यानं पातेलं फेकलं असतं. मास्तरांनी वही काढली आणि लिहिलं: फोडणी नाही.

काकू दारात उभ्या राहून हे सगळं पाहायच्या. एकदाच म्हणाल्या, "काकडीच्या बिया काढा, मीठ लावा अन् पिळून घ्या. कोशिंबिरीले मी काय करतो मंग?"

हळूहळू पास्ता जमायला लागला. खळखळ उकळत्या खारट पाण्यात शिजवायचा, पण दाताला किंचित लागला पाहिजे. लगेच गार पाण्यात धुवायचा, चाळणीत निथळायचा. "ओला माल," मास्तर चाळणीला सांगायचे, "निथरल्याशिवाय आत नाई." मलई म्हणजे घट्ट चक्का, त्यात साय, थोडं बाजारचं मेयॉनीज, मोहरीची पूड, मिरेपूड, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. गाजर, शिमला मिरची, कांदा बारीक. मक्याचे दाणे उकडून गार केलेले.

शेवटची अडचण राहिली ती अशी की दोन तास ठेवला की पास्ता कोरडा पडायचा. मलई जायची कुठं? तीन रविवार मास्तरांना हे कळेना. चौथ्या रविवारी ते आंघोळ अर्धी सोडून बाहेर आले.

"पॅसेंजर, उन्हात गाडीत बसलेला मानूस काय करते?"

"काय करतो?"

"पानी पेते. एक बाटली भरून देल्ली का संपवते. पास्ताबी बसल्या बसल्या मलई पेऊन राह्यला. त्याची चूक नाई. आपन दुसरी बाटली ठेवाची. अर्धी मलई आता, अर्धी वाढाच्या वक्ताले. राखीव गाडी."

आणि खरंच, त्या दिवशीचा पास्ता मी तीन बश्या खाल्ला. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. दोन टोले दिले.

आता राहिले अध्यक्ष. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त तलाठी, भला माणूस, पण बोलायला उभा राहिला की त्याला बसवणं पूर्णाकृती पुतळा बसवण्याइतकं अवघड. बैठकीत त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि पाऊण तास उत्तर दिलं. त्यातला मुद्दा एकच होता.

"मास्तर, जेवन म्हंजे पोटात गरम गेलं पाह्यजे. सनासुदीच्या दिवशी लोकायले थंडं वाढाचं? तुमच्या घरी पाहुना येते तं त्याले फ्रिजमधलं देता का?"

"देतो," मास्तर म्हणाले. "अन् चुलीसमोर तुमी उभे राहाल का?"

अध्यक्षांना यावर काही सुचलं नाही, म्हणून ते आणखी दहा मिनिटं बोलले. शेवटी ठरलं असं: मास्तर थंड जेवण करतील. पण लाकडं, तांदूळ, डाळ, वांगी शेडमध्ये तयार राहतील. पहिला घास काकूंचा. इतकी वर्षं वस्तीला त्यांनी खाऊ घातलं, तेव्हा त्या म्हणतील ते खरं. काकूंनी नाही म्हटलं, किंवा साडेबारापर्यंत पान वाढलं गेलं नाही, तर चूल पेटणार.

"अन् पेटली तं कढईसमोर मीच," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या बाईले मी उन्हात उभी करनार नाई."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला कळलं की हा माणूस आता पास्ता करत नाही, दुसरंच काही करतो आहे.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहाला पाण्याला उकळी आली आणि सातच्या आत आग विझली. पास्ता धुऊन, निथळून, अर्धी मलई लावून मोठ्या पातेल्यात भरला. राखीव मलई घरच्या फ्रिजमध्ये. पण दीडशे माणसांचं पातेलं फ्रिजमध्ये जात नाही. मास्तरांनी ते केलं जे आमच्याकडचाच माणूस करू शकतो: विहाराच्या मोठ्या कूलरची एक जाळी काढून पातेलं सरळ कूलरच्या पोटात, पाण्यात उभं केलं. वर ओलं पातळ फडकं. कूलरला आदल्याच दिवशी नवा वाळा भरला होता. मोटर सुरू केली तसा आतून थंड वारा फडक्यावरून वाहायला लागला आणि मास्तर म्हणाले, "याले म्हनतेत एअर कंडिशन सीट."

काकूंसाठी विहाराच्या अंगणात, कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. आणि घरातली घंटी आणून वाढपाच्या टेबलावर टांगली. दोरीचं टोक झाडाच्या फांदीवरून काकूंच्या हाताशी आणून बांधलं.

"हे कायले?" काकूंनी विचारलं.

"घास खाल्ला का वाजव. एक का दोन, तुह्या मनानं."

"मी ड्रायव्हर आहो."

"आज नाई. आज गाडी मी चालवून राह्यलो."

साडेदहाला वीज गेली. कूलर थांबला. अशी शांतता पसरली की विहिरीतलं पाणी खाली उतरत असल्याचा आवाज मला ऐकू आला. कोणीतरी सांगितलं, तार तुटली, दोनच्या आत येत नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. काकूंनी पदर खोचला आणि शेडमध्ये जाऊन काडेपेटी घेऊन आल्या.

"बस," मास्तर म्हणाले. "मी येईस्तोवर सीट सोडाची नाई."

"साडेबारापावतर बसली आहो. मंग उठन."

"पॅसेंजर, मोटारसायकल काढा. जामले चाललो."

जामला महामार्गावर रसवंत्या आणि लस्सीची दुकानं आहेत, त्यांच्याकडे बर्फाच्या लाद्या उतरतात. ऊन इतकं होतं की माझ्या मोटारसायकलची सावली मागं राहून गेली. ती आम्हाला जामला चहा पिताना भेटली. लस्सीवाल्यानं भुशातून लादी काढली, पोत्यात गुंडाळली. लोडाएवढी लादी. ती आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, मी गाडी सुरू केली आणि मागचं टायर फुटलं.

मी तर हातच टेकले. मास्तरांनी लादीवर हात ठेवून पाहिला, माणसं पोराचा ताप पाहतात तसा, आणि समोर बोट केलं. समुद्रपूरची एस.टी. चौकात लागत होती.

दारात कंडक्टर बाई उभी होती. तिशीची, खांद्याला मशीन. मास्तरांना पाहून तिचा चेहरा खुलला. नोकरीचे पहिले पंधरा दिवस तिनं त्यांच्याच हाताखाली काढले होते.

"जयभीम मास्तर. या, बसा ना." मग तिचं लक्ष पोत्याकडे गेलं. पोत्यातून थेंब गळत होता.

"बर्फ हाये," मास्तर म्हणाले.

बाईचा चेहरा पडला. मग हळू म्हणाली, "मास्तर, ओला माल टपावर. तुमीच शिकवलं."

मी मध्ये पडलो. "अहो ताई, आजचा दिवस. टपावर बर्फाचं काय राहील? दीडशे माणसं जेवायची आहेत, आणि यांच्या घरच्यांना..."

"पॅसेंजर," मास्तर म्हणाले, "चूप. बराबर सांगून राह्यली थे."

गाडी जुनी होती, मागं शिडी, वर कॅरियर. सत्तरीला टेकलेला माणूस ती शिडी चढला. मी खालून लादी दिली. वर गेल्यावर त्यांनी पोतं नीट आवळलं, आणि मग अंगातला पांढरा सदरा काढला. पौर्णिमेचा, कांजी केलेला, वर्षातून एकदा घालायचा. तो पोत्यावर पांघरून चारी टोकं बांधली, आणि बनियनवर खाली उतरले.

"पांढऱ्यावर ऊन टिकत नाई," म्हणाले आणि आत जाऊन उभे राहिले. सीट रिकामी होती. बसले नाहीत.

तो प्रवास मी मरेपर्यंत विसरणार नाही. टपावरून पाणी गळायला लागलं आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवरून थंड धारा उतरल्या. माणसं हात बाहेर काढून तोंडावर पाणी घ्यायला लागली. एका म्हातारीनं तोंड धुतलं, वेणी सारखी केली आणि कंडक्टर बाईला विचारलं, "काऊन वो बाई, आता एस.टी.लेबी कूलर बसवला का?" बाकीचे हसत होते. मास्तर हसत नव्हते. ते प्रत्येक धारेकडे असे पाहत होते, जणू ती त्यांच्याच अंगातून वाहत होती.

कंडक्टर बाईनं मात्र कमाल केली. दर थांब्यावर ती दारातून ओरडायची, "लवकर चढा, टपावर पेशंट हाये." आणि शेवटचा माणूस पायरीवर असतानाच दोन टोले. नियम मोडला नाही, पण गाडी अशी पळवली की रस्त्यावरची गावं बाजूला सरकून वाट देत होती.

समुद्रपूरला उतरलो तेव्हा बाराला दहा कमी. लोडाएवढी गेलेली लादी उशीएवढी उरली होती. मास्तरांनी ती छातीशी धरली आणि विहाराकडे पळत सुटले, ओल्या बनियनवर, मिशांतून पाणी गळत. शेडमध्ये चूल रचून तयार होती. काकू कडुनिंबाखाली बसल्या होत्या, पण खुर्चीच्या अगदी टोकावर.

बर्फ फोडला, मोठ्या घमेल्यात घातला, त्यावर खडेमीठ टाकलं, कुल्फीवाले टाकतात तसं, आणि पातेलं त्यात बसवलं. फडकं तेवढं ओलं ठेवलं होतं, म्हणून पास्ता वाचला होता. पण गार व्हायला वेळ पाहिजे होता. अर्धा तास तरी.

मास्तर अध्यक्षांकडे गेले. मला वाटलं हात जोडतील.

"अध्यक्ष साहेब," ते म्हणाले, "तुमचं भाषन राह्यलं ना? लोक वाट पाहून राह्यले."

अध्यक्षांनी घसा साफ केला. मग जे झालं त्याला त्यांच्याशिवाय कोणी जबाबदार नाही. ते साडेबारा वाजवून पुढं गेले. साडेबाराची अट त्यांनीच घातली होती, त्यामुळं ती मोडायचा अधिकारही त्यांचाच होता. एक वाजायला आला तेव्हा वस्तीतली निम्मी माणसं झोपली होती आणि पातेल्याच्या कडेला दव जमलं होतं.

मास्तरांनी राखीव मलई आणली, वर ओतली, दोन्ही हातांनी झारा धरून खालून वर कालवलं. एका बशीत घास घेऊन काकूंसमोर गेले, बशी दिली आणि परत टेबलामागं येऊन उभे राहिले. घंटीच्या खाली.

काकूंच्या एका हातात काडेपेटी होती. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग दोरीला हात घातला आणि एक टोला दिला.

अंगणात कोणी हललं नाही. मास्तरांच्या हातातला झारा तिथंच थांबला.

"याले वाळ्याचा वास येऊन राह्यला," काकू म्हणाल्या. "कूलरमंधी ठेवला होता ना?"

"हो." मास्तरांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पातळ फडकं टाकलं अशीन. जाड टाकाचं राहते."

"हो."

अध्यक्ष शेडकडे पाहायला लागले. काकूंनी दुसरा घास घेतला. तो चावून संपवला.

"मीठ कमी हाये. लिंबू अजून पिळा."

मास्तरांनी मीठ टाकलं. सात लिंबं पिळली. मी मोजली नाहीत, पण इतका वेळ लागला की सात असावीत. पुन्हा बशी नेली. तिसरा घास काकूंनी खाल्ला, आणि चौथा कोणी न सांगता खाल्ला.

"वाळ्याचं सरबत पेतो तसं लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "बरं लागते."

आणि दोरी दोनदा ओढली.

मग काय सांगू. पहिली पंगत बसली, दुसरी बसली. पोरांनी बोटं चाटली, म्हाताऱ्यांनी दात नसल्यामुळं आधी शंका घेतली आणि मग दोनदा वाढून घेतलं. लोक मास्तरांना विचारत होते की हा वाळ्याचा मसाला कुठून आणला, आणि मास्तर कोणालाही खरं सांगत नव्हते. अध्यक्षांनी तीन वेळा घेतला. तिसऱ्यांदा त्यांना काही बोलायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. वस्तीच्या इतिहासात ते एकदाच झालं.

शेड रिकामी होती. रचलेल्या लाकडांवर एक मांजर झोपलं होतं.

सगळे उठून गेले तेव्हा मास्तर पातेलं खरवडून उरलेली एक बशी घेऊन काकूंकडे गेले. बनियन आता वाळला होता, सदरा कुठं तरी विहाराच्या पायरीवर पडला होता. त्यांनी काकूंच्या मांडीवरची काडेपेटी उचलून माझ्या खिशात टाकली.

"चाल," ते म्हणाले, "घर आलं. उतर आता."

काकू कडुनिंबाखाली मागं टेकून बसल्या होत्या. खुर्चीच्या टोकावर नव्हे, पूर्ण.

"मी नाई उतरत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सानं सीट भेटली मले. बसू द्या."

मास्तर उभे राहिले. मिशा वर गेल्या की काय ते मला नीट दिसलं नाही, कारण त्यांनी तोंड फिरवलं होतं. मग त्यांनी हात वर केला, काकूंच्या डोक्यावरून दोरी धरली आणि हळूच दोन टोले दिले.